तुझ्यावर रंग फासू नये म्हणून

आदिलाबाद

प्रिय कॅनोपी,



पत्रास कारण की, आमच्या आदिलाबादच्या विमानतळाचं आता मार्गी लागेल असं दिसतंय. निजामाच्या काळातली ही धावपट्टी शहराला लागून इतकी वर्षं पडून आहे की आम्ही तिला गृहीतच धरलं होतं. 2025 मध्ये हवाई दलाच्या या जागेवर नागरी विमानांनाही परवानगी देण्याचं केंद्रानं मान्य केलं आणि गावात पुन्हा चर्चा सुरू झाली. त्याच वर्षी 26 सप्टेंबरला चंदीगडला मिग-21 हवाई दलातून निवृत्त झालं. दोन्ही बातम्या मी पाठोपाठ वाचल्या आणि मनात आलं, विमानतळ झाला की त्याच्या फाटकाशी एखादं जुनं लढाऊ विमान उभं करा म्हणून कुणीतरी अर्ज करणारच. करावाच. माझीही सही त्यावर असेल. काळजी वाटते ती फक्त तुझी, वैमानिकाच्या डोक्यावरच्या पारदर्शक झाकणाची.

कारण चबुतऱ्यावरच्या विमानांवर तुझी काय अवस्था होते ते मी पाहिलंय. एका शहराच्या चौकातलं विमान मी अगदी हात लावून बघितलं. अंगावर चंदेरी रंग, शेपटीवर तिरंगा, पंखांवर चक्रं, सगळं ताजं रंगवलेलं. आणि तू? तुझ्यावर गडद निळा ऑइलपेंट. ब्रशचे ओघळ चौकटीवरून खाली उतरून तिथंच वाळलेले. मागच्या कोपऱ्यात रंगाचा पापुद्रा सुटला होता, त्या बोटभर फटीतून मी आत डोकावलो. खुर्ची नव्हती. वायरींची टोकं लोंबत होती आणि पुढच्या काचेमागे वाळलेल्या पानांचा थर साचला होता. आजूबाजूला मुलं फोटो काढत होती. त्या विमानात माणूस कुठं बसत असेल, असं त्यातल्या एकाही मुलानं विचारलं नाही, कारण तिथं माणूस बसत होता हे दिसायची सोयच उरली नव्हती.

रंग का फासतात तेही मला ठाऊक आहे. आतलं सगळं काढून नेलेलं असतं, ते रिकामपण दिसू नये म्हणून. उन्हानं तू पिवळट पडतेस, तुझ्यात बारीक तड्यांचं जाळं पसरतं, ते झाकायला म्हणून. कामाला लावलेल्या माणसाला कुणी वेगळं सांगितलेलं नसतं म्हणून. यात कुणाचा द्वेष नाही. तरीही ते चूक आहे, आणि का चूक आहे ते इथं सविस्तर लिहावंसं वाटतं, कारण तुझी बाजू मांडणारं मला कुणी दिसत नाही. इंजिनावर पुस्तकं आहेत, तोफांवर आहेत, वेगावर तर विचारूच नका. पण त्या सगळ्या यंत्रात केवळ आत बसलेल्या माणसासाठी असलेला भाग म्हणजे तू आणि तुझ्याखालची खुर्ची. त्या काळच्या विमान बनवणाऱ्यांनी आतल्या जिवाची काय किंमत धरली होती, ते तुझ्या घडणीत वाचता येतं. तुझ्यावर रंग मारणं म्हणजे ते पान चिकटवून टाकणं.

आमच्या या भागाशी तुझा संबंध लांबचा नाही. सप्टेंबर 1948 मध्ये हैदराबाद संस्थान भारतात सामील झालं, आणि आदिलाबादही. त्यासाठी झालेल्या पाच दिवसांच्या लष्करी कारवाईत आकाशात जी विमानं होती ती टेम्पेस्ट, पंख्याची. त्यांच्यावरही फुगीर पारदर्शक कॅनोपी होतीच, म्हणजे तू जेटच्या आधी जन्मलीस. पण दोनच महिन्यांनी, नोव्हेंबर 1948 मध्ये, पहिली व्हॅम्पायर विमानं भारतात उतरली आणि हवाई दलात जेटयुग सुरू झालं. पुढं कित्येक वर्षं हैदराबादजवळच्या हकीमपेठला तरुण वैमानिक व्हॅम्पायरमध्ये शिक्षकाच्या शेजारी बसून जेटचे धडे गिरवत होते.

जेटनं तुझ्यावर काय काय लादलं याचा विचार केला की थक्क व्हायला होतं. आधी तू म्हणजे वाऱ्यापासून आडोसा. व्हॅम्पायरच्या सुरुवातीच्या विमानांवर तू तीन तुकड्यांची, सांध्यांची होतीस. नंतर एकसंध फुगा झालीस. तो फुगा घडवण्याची रीत किती साधी आणि किती नाजूक! ॲक्रिलिकचा जाड पत्रा, ज्याला पर्स्पेक्स म्हणतात, भट्टीत दीडशे अंशांच्या आसपास तापवायचा. तो कातड्यासारखा लवचिक झाला की कडेनं चौकटीत आवळायचा आणि खालून हवेचा दाब द्यायचा. तेलात सोडलेली पुरी टम्म फुगावी तसा तो वर येतो. वरच्या बाजूला साच्याचा स्पर्शसुद्धा होऊ द्यायचा नाही, कारण साचा लागला की त्याचा ओरखडा उमटतो आणि त्या ओरखड्यातून दूरचं विमान दुभंगून दिसतं. मग हळूहळू थंड करायचं. घाई केली तर ताण आतच राहतो आणि महिन्या-दोन महिन्यांनी कडेपासून तडा धावतो.

मग उंची आली. अकरा-बारा किलोमीटरवर हवा इतकी विरळ की माणूस काही सेकंदांत भान हरपतो, म्हणून कॉकपिटमध्ये हवा भरून दाब राखायचा. लढाऊ विमानात तो दाब बाहेरच्यापेक्षा चौरस इंचाला साडेतीन पौंडांच्या आसपास जास्त असायचा. आकडा किरकोळ वाटतो. पण तुझा विस्तार एक चौरस मीटर धरला तर तो तुला अडीच टनांच्या जोरानं वर ढकलतोय. व्हॅम्पायरचा पुढचा डबा तर लाकडी होता. बाल्सा आणि बर्चच्या प्लायवुडचा. लाकडाच्या कडांवर बसवलेलं प्लास्टिकचं झाकण आणि त्याला आतून अडीच टनांचा धक्का! त्यात ॲक्रिलिक तापमानानुसार ॲल्युमिनियमच्या तिप्पट प्रसरण पावतं. मे महिन्यात आमच्याकडे पारा 45 पर्यंत जातो. अशा उन्हात धावपट्टीवर तापलेली तू वीसेक मिनिटांत उणे पन्नासच्या थंडीत पोचायचीस. तुला स्क्रूनं घट्ट आवळलं तर तू भोकांपाशी चिरत जायचीस. म्हणून कडेला थोडी मोकळीक ठेवायची, आणि फटीतून हवा जाऊ नये म्हणून फुगणारी रबरी नळी बसवायची. उतरताना बाहेरची दमट हवा तुझ्या गार अंगावर धुकं धरायची, त्यासाठी काही विमानांत दोन थर आणि मध्ये कोरडी हवा. एवढं सगळं सांभाळून पुन्हा आरपार स्वच्छ दिसायला हवं, कारण शत्रूचं विमान पहिल्यांदा दिसतं ते माशीच्या टिंबाएवढं. तुझ्यावरचा एक डाग आणि ते टिंब यात फरक करता आला पाहिजे.

इथवर कौतुक. आता जे बोलायचं ते जड आहे.

व्हॅम्पायरच्या ज्या एकआसनी विमानांवर आपण लढलो, त्यांत इजेक्शन सीट, म्हणजे वैमानिकाला विमानाबाहेर उडवणारी खुर्ची, नव्हती. ब्रिटनमध्ये मार्टिन-बेकरची खुर्ची जुलै 1946 मध्येच उडत्या मीटिओर विमानातून माणसावर यशस्वी झाली होती. म्हणजे विद्या होती. पण व्हॅम्पायरच्या वैमानिकानं अडचणीत काय करायचं? आधी तुला हातानं सोडवून वाऱ्यावर फेकायचं, पट्टे सोडायचे आणि स्वतःच्या ताकदीनं उडी मारायची. मागं दोन दांड्यांच्या मधोमध आडवी शेपटी, ती चुकवायची. 1 सप्टेंबर 1965 च्या संध्याकाळी जम्मूतल्या छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे पुढं सरकत होते आणि लष्करानं हवाई मदत मागितली. पठाणकोटहून 45 स्क्वाड्रनची व्हॅम्पायर गेली. सतरा वर्षांपूर्वी नवी असलेली जात पाकिस्तानच्या सेबर जेट विमानांच्या समोर. चार व्हॅम्पायर पडली. तीन वैमानिक परत आले नाहीत, एक उडी मारून वाचला. त्यानंतर व्हॅम्पायरना आघाडीवर पाठवलं नाही. मला नेहमी वाटतं, त्या वाचलेल्या वैमानिकाच्या हातांना तुझी कडी कुठं आहे हे पाठ असलं पाहिजे. बघायला वेळ नसतो अशा वेळी.

पण माझा खरा राग कॅनबेरावरच्या तुझ्या घाटावर आहे. 1957 पासून 2007 पर्यंत, पन्नास वर्षं या बॉम्बफेकी विमानानं आपली सेवा केली; पुण्याला लोहगावावर 35 स्क्वाड्रनची कॅनबेरा होती, म्हणजे मराठी मुलखानं ती डोक्यावरून जाताना रोज पाहिलीत. भारतानं घेतलेल्या बी(आय)58 या प्रकारात तू विमानाच्या मध्यभागी नसून डावीकडे सरकलेली आहेस. तुझ्याखाली वैमानिक एकटा. दिशादर्शक म्हणजे नॅव्हिगेटर तुझ्या खालून पुढं, नाकाच्या पोटात. वैमानिकाला तू होतीस आणि इजेक्शन सीट होती. नॅव्हिगेटरला दोन्ही नव्हतं. त्यानं उजवीकडच्या दारातून बाहेर पडायचं, तेही विमान सरळ उडत असेल तर. ते गरागरा फिरत असेल तर त्यानं काय करायचं? एका विमानात दोन माणसं, आणि एकाचाच जीव वाचवायची सोय. वजन वाचलं असेल, पैसे वाचले असतील, नकाशांवर काम करायला जागा मिळाली असेल. तरी हा हिशेब मला मान्य नाही, मग तो करणाऱ्यांनी आयुष्यात कितीही थोर विमानं बनवली असोत. त्या नॅव्हिगेटरांनी हे जाणून रात्री-बेरात्री उड्डाणं केली. 1965 आणि 1971 च्या युद्धांत रात्री पाकिस्तानातल्या तळांवर जाऊन आले. बाजूला सरकलेल्या त्या फुगीर कॅनोपीकडे बघताना तिच्याखाली नसलेला दुसरा माणूस दिसला पाहिजे. म्हणून ती काच स्वच्छ हवी.

कॅनबेराचा आराखडा ज्या टेडी पेटर यांनी सुरू केला, त्यांचंच नॅट हे विमान. नॅटवर तू जशी आहेस तशी मला सगळ्यांत आवडतेस. विमान इतकं छोटं की पंखांची दोन टोकं सात मीटरच्याही आत. बाकी विमानांना पुढं जाड चिलखती काच असते, ती सपाट ठेवावी लागते, कारण वाकड्या काचेतून नेम चुकतो. आणि सपाट काच वाऱ्याला अडते. नॅटमध्ये ती सपाट काच विमानाच्या अंगाला आतल्या बाजूनं बसवली आणि तू तिच्यावरून नाकापासून मागपर्यंत एकाच तुकड्यात, गुळगुळीत वळण घेत गेलीस. पुढची वेगळी चौकट नाही, सांधा नाही. बाहेरून वाऱ्याला तू, आतून गोळीला ती. 1965 मध्ये सेबरच्या वैमानिकांना हे चिमुकलं विमान दिसायच्या आतच जवळ आलेलं असायचं, आणि आतल्या माणसाला मात्र चहूबाजूंचं आकाश दिसायचं. 

आणि तरीही नॅटवरचीच तुझी आठवण सगळ्यांत दुखरी आहे. 14 डिसेंबर 1971, श्रीनगर. सहा सेबरनी तळावर हल्ला केला आणि फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीत सिंग सेखों धावपट्टीवर बॉम्ब पडत असताना उडाले. एकट्यानं लढले. शेवटी त्यांच्या विमानाला गोळ्या लागल्या, ते कलंडलं आणि डोंगराकडे कोसळलं. त्या अखेरच्या क्षणी तू विमानापासून सुटून उडताना दिसलीस. म्हणजे त्यांनी बाहेर पडायचा प्रयत्न केला होता. तू आपलं काम केलंस. बाकीचं व्हायला उंची उरली नव्हती. हवाई दलातलं आजवरचं एकमेव परमवीरचक्र त्यांचं आहे. नॅट कुठंही उभं असो, त्यावरच्या तुला काळा-निळा रंग लावायला माझा हात धजणार नाही, आणि दुसऱ्या कुणी लावू नये असं मला मनापासून वाटतं.

आता मिगचं. आमच्या विमानतळावर मिग-21 येण्याचीच शक्यता जास्त, आणि ते येताना बहुधा नाशिकचं असेल. ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या (एचएएल) कारखान्यात साठच्या दशकात मिग-21 एफएल तयार होऊ लागलं. इंजिन ओडिशात कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला, सांगाडा ओझरला. तेव्हा यात आमचं तेलंगण आणि महाराष्ट्र दोन्ही आले. या एफएलवरची तू विलक्षण होतीस. पुढची काच आणि वरचं झाकण एकच, आणि बिजागऱ्या पुढं, नाकाकडे. उघडली की मागून वर उचलली जायचीस. का, तर आवाजाच्या दुप्पट वेगात माणूस उघड्यावर फेकला गेला तर वाराच त्याला फाडून टाकेल अशी भीती होती. म्हणून खुर्ची उडताना तिनं तुला सोबत घ्यायचं आणि तू ढालीसारखी वैमानिकापुढे राहायचं. कल्पना अशी की माणसाला काचेच्या कवचातच बाहेर काढायचं! ऐकायला फार थोर. पण तुला जोडायचं, मग सोडायचं, मग पॅराशूट उघडायचं, या सगळ्याला उंची आणि वेळ लागतो, आणि विमानं अडचणीत येतात ती बहुतेक उतरता-चढताना, जमिनीजवळ. शेवटी रशियनांनीच ती रीत सोडली. पुढची काच पक्की ठेवली, तुला बाजूला उघडणारी केली आणि खाली नवी खुर्ची बसवली, जी तुझ्याशिवाय एकटी उडते. सत्तरच्या दशकात ओझरलाच बनलेल्या मिग-21 एमवर तू अशी, उजवीकडे उघडणारी आहेस. 

म्हणजे एकाच कारखान्यानं, एकाच विमानाच्या दोन पिढ्यांत, माणूस वाचवण्याच्या दोन वेगळ्या कल्पना घडवल्या. विमान समोर उभं असेल आणि काच स्वच्छ असेल तर सातवी-आठवीतलं पोरही पाच मिनिटांत हे समजून घेईल: बिजागरी कुठं आहे ते बघ, आणि आता सांग, हा माणूस बाहेर कसा पडणार? एवढा चांगला विज्ञानाचा तास मला दुसरा सुचत नाही. आमच्या जिल्ह्यात तेलुगू, उर्दू आणि मराठी माध्यमाच्या सरकारी शाळा आहेत. तिथल्या मुलांना दिल्लीच्या पालमचं हवाई दलाचं संग्रहालय किंवा बंगळुरूचं एचएएलचं संग्रहालय बघायला मिळेल तेव्हा मिळेल. पण घराजवळचं विमान तरी त्यांच्यासाठी बोलकं असावं.

म्हणून जे कुणी पुढं हा अर्ज लिहितील, त्यांनी हे पत्र त्याला जोडावं. आदिलाबादच्या उन्हात उघड्यावर विमान ठेवू नका. वर उंच पत्र्याची शेड घाला, बाजू मोकळ्या ठेवा. एप्रिल-मेमध्ये दुपारी कॅनोपीवर पांढरं सुती आच्छादन टाका, आत तापलेली हवा जायला फट ठेवा. पुसायचं ते आधी भरपूर पाणी ओतून, धूळ वाहून गेल्यावर, सौम्य साबणानं आणि मऊ सुती कापडानं. कोरडं फडकं फिरवलं की चरे पडतात. पेट्रोल, थिनर, ॲसिटोन जवळसुद्धा आणू नका. ॲक्रिलिकला त्यानं एका दिवसात कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे जातात आणि ते परत भरून येत नाहीत. मग लोक रंगाचा डबा शोधतात. खुर्ची काढून नेली असेल तर तशाच आकाराची साधी लाकडी बसवा, म्हणजे माणसाची जागा दिसेल. विमान ताब्यात घेताना कॅनोपी उडवायची आणि खुर्चीची सगळी काडतुसं काढल्याचा कागद हवाई दलाकडून घ्यायला विसरू नका. शेजारी मुलांच्या उंचीला पोचेल असा चार पायऱ्यांचा लोखंडी चौथरा बांधा, कठड्यासकट. फलक तेलुगू, मराठी, उर्दू आणि गोंडीत असावा, आणि त्यावर विमानाचा वेग लिहिण्याआधी त्यातून माणूस कसा बाहेर पडायचा ते लिहावं.

यातलं बहुतेक काम खर्चाचं नाही. शेड सोडली तर बाकी सगळं एखादी शाळा आणि एखादं मंडळ मिळून सांभाळू शकतं. सुती कापड तर कापसाच्या या बाजारपेठेत मागायचीही गरज नाही. महिन्यातून एक सकाळ तुझ्यासाठी देणाऱ्यांत माझं नाव पहिलं लिहून घ्या, असं मी इथल्या मंडळींना सांगून ठेवलंय.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती.

तुझा,
आदिलाबादचा एक मराठी रहिवासी